पाय टेकायचा नाही

भुजंगराव जाफराबादच्या एसटी डेपोतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या पदरात एक शाल, दोन नारळ आणि एकतीस वर्षांची विनाअपघात सेवा पडली. नारळांची बर्फी झाली, शाल त्यांच्या बायकोनं, नंदाबाईंनी, कपाटात टाकली. विनाअपघात सेवेचं पुढे काय करायचं हे निरोपाच्या भाषणात कोणी सांगितलं नव्हतं. बासष्टाव्या वर्षी भुजंगरावांनी ती मोडीत काढायला घेतली.

निमित्त रजतचं. बाजारात त्याचं टायरचं दुकान. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण चार पिढ्या इथंच गेलेल्या. तो पुण्याहून ‘ट्रायल्स’ शिकून आला होता. हा खेळ शर्यतीच्या अगदी उलटा. दगडधोंड्यांतून, दोन्ही बाजूंनी सुतळी बांधलेल्या वाटेनं, माणूस चालतो त्याहून हळू मोटारसायकल काढायची. पाय टेकला की एक गुण, गाडी थांबली की पाच, आणि ज्याचे गुण कमी तो जिंकला. हळू जायचं आणि गुण मिळवायचे नाहीत, एवढं ऐकल्यावर हा खेळ आपल्यासाठीच काढलाय, याबद्दल भुजंगरावांना शंका उरली नाही.

ही गाडी उभ्यानं चालवायची असते म्हणून रजतनं त्यांच्या जुन्या मोटारसायकलची सीटच काढून टाकली. नंदाबाईंनी विचारलं, मी कुठं बसायचं? भुजंगराव म्हणाले, या गाडीवर कोणीच बसत नाही. नंदाबाईंनी ती सीट उचलून अंगणात नेली आणि तिच्यावर बसून लसूण सोलायला लागल्या.

पहिला महिना नदीच्या कोरड्या पात्रात गेला. भुजंगराव डावीकडे पडले, उजवीकडे पडले, आणि एकदा तर गाडी उभीच राहिली आणि हे एकटेच पडले. ते कसं घडलं हे रजतलाही सांगता आलं नाही. घरभर मालिशच्या तेलाचा वास सुटला. तरी पुण्याच्या स्पर्धेत पन्नाशीपुढच्यांचा वेगळा गट आहे असं कळताच त्यांनी नाव देऊन टाकलं. तेव्हा नंदाबाईंनी अट घातली.

“येत्या रविवारी माझ्यासमोर एकदा पाय न टेकता जाऊन दाखवा, मंग जा पुण्याला. न्हाई जमलं तर सीट बसवायची अन् मला दर चतुर्थीला राजूरच्या गणपतीला न्यायचं.”

रविवारी सकाळी नंदाबाई सीट काखेत मारून नदीवर आल्या आणि सुतळी संपते तिथं काठावर बसल्या. भुजंगराव निघाले. पहिला दगड गेला, दुसरा गेला. ज्या खडकावर महिनाभर त्यांनी कातडी सोडली होती, तोही गेला. गुडघा करकरला, पण तो वाजला तरी गुण नसतात. रजत बाजूनं चालत हळूच म्हणत होता, “बराबर काका, नजर पुढं.” नजर पुढेच होती. एकच दगड उरला होता, आणि त्याच्या माथ्यावर पुढचं चाक चढलंही होतं.

तेवढ्यात काठावर नंदाबाईंचा हात वर झाला.

भुजंगरावांच्या डोक्याला कळायच्या आत उजव्या पायाला कळलं. एकतीस वर्षं रस्त्याच्या कडेला हात दिसला की तो पाय ब्रेकवर जात आला होता, आजही गेला. गाडी दगडाच्या माथ्यावर थांबली. क्षणभर विचार केल्यासारखं करून ती डावीकडे कलली आणि भुजंगरावांना घेऊन वाळूत आडवी झाली.

नंदाबाई धावत आल्या. काही मोडलेलं नाही हे आधी पाहून घेतलं, मग विचारलं, “थांबलात कशाला?”

“तू हात केला.”

“मी पदर घेऊन राह्यले होते. ऊन केवढं पडलंय.” मग त्यांनी रजतकडे पाहिलं. “पाय टेकला का रे?”

रजतनं पाहिलं. भुजंगरावांचे दोन्ही पाय आभाळाकडे होते. “न्हाई काकू. पाठ टेकली.”

“पाठीचं माझं बोलणंच न्हवतं.”

एवढ्यावर भुजंगरावांनी गप्प राहायला हवं होतं. पुणं मिळालं होतं. पण त्यांनी वाळूतूनच खरं ते सांगून टाकलं. “थांबलो ना मी. नियमानं पाच झाले.”

नंदाबाईंनी जरा विचार केला. “माझ्यासाठी थांबलात ते मी धरत न्हाई. जा पुण्याला.”

रजतनं मात्र डोकं खाजवलं. तिथं गुण दाखवायला पंच दर वाटेच्या टोकाशी हात वर करून उभा असतो, हे त्यानं चाचरत सांगितलं.

“मंग उठा जल्दी,” नंदाबाई म्हणाल्या आणि पुन्हा काठावर जाऊन बसल्या. “मी हात करते. तुम्ही थांबायचं बिलकुल न्हाई.”

दुपारपर्यंत त्यांनी अकरा वेळा हात केला. भुजंगराव अकराही वेळा थांबले. मात्र शेवटच्या दोन वेळा, रजतच्या म्हणण्याप्रमाणे, जरा उशिरा.