खंडेनवमीचा दिवा

याकूब मिस्त्रीला आपल्या हातांचा गर्व होता, आणि तो अगदीच पोकळ होता असं नाही. भोरच्या बाजारात सायकली, शिवणयंत्रं, गिरण्या, जे बंद पडेल ते त्याच्या ओट्यावर येई आणि चालू होऊन जाई. लढाई सुरू होऊन चार वर्षं झाली होती, सुटे भाग मिळत नव्हते, त्यामुळे त्याचा भाव आणखीच वधारला होता. गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांची मोटारसायकल तेवढी त्याला दाद देत नव्हती. तिचा मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून आपली आपण ठिणगी पाडणारा डबा, म्हातारा झाला होता. पावसाळ्यात वीस-वीस किका माराव्या लागत.

श्रावणात याकूबने एका मोडक्या लष्करी लॉरीची बॅटरी, कॉइल आणि छोटा डायनामो मिळवला. मॅग्नेटो काढून टाकला आणि हे सगळं बसवलं. गाडी एका किकेत सुरू होऊ लागली. कार्बाइडच्या बत्तीच्या जागी त्याच बॅटरीवर चालणारा विजेचा दिवाही आला. जुना मॅग्नेटो फडक्यात गुंडाळून त्याने फळीवर टाकला. बॅटरी उतरली तर गाडीत ठिणगीच पडणार नाही, हे डॉक्टरांना सांगायला हवं होतं. ते त्याने सांगितलं नाही. आपल्याच कामातली उणीव आपल्या तोंडाने कोण सांगतो?

खंडेनवमीला दवाखान्याच्या अंगणात गाडीची पूजा झाली. कंपाउंडर चिमाजी दरवर्षी गाडीपुढे समई लावायचा. यंदा याकूब म्हणाला, "समई कशाला, चिमाजीराव? हिचा स्वतःचाच दिवा लावू की."

झेंडूच्या माळेतून दिवा लख्ख पेटला. आळीतल्या बायका पदर सावरत बघायला आल्या. पूजेचा दिवा आपल्या हाताने मालवायचा नाही, हा चिमाजीचा नेम होता. घरी निघताना याकूबने एकदा मागे वळून पाहिलं. दिवा बंद करायला सांगावं असं त्याच्या मनात आलंही. पण लोक अजून कौतुक करत उभे होते, आणि त्याला ते ऐकायला बरं वाटत होतं. तो तसाच निघून गेला.

दसऱ्याच्या सकाळी गुंजवण्याचा गेनू दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला. रात्रभर डोंगर तुडवून आल्यामुळे त्याच्या पायांची सालटी निघाली होती.

"घरात दोन दिस झालं अडल्यात," तो डॉक्टरांना म्हणाला. "सुईन म्हनती, माज्या हातचं न्हाई. लई रगत जातंय."

डॉक्टरांनी पेटी बांधली आणि किक मारली. गाडीने हूं की चूं केलं नाही. दहा किका झाल्यावर त्यांनी याकूबला बोलावणं धाडलं.

याकूबने प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि किक मारली. ठिणगी नाही. ठिणगी पाडणारे पॉइंट घासले, तारा ओढून पाहिल्या. मग दिव्याचं बटण दाबलं. काचेआड तार नुसती विडीच्या टोकाएवढी लाल झाली. दिवा रात्रभर जळून बॅटरी संपली होती, आणि ती भरून आणायची म्हणजे पुणं गाठायला हवं होतं.

"काय रे?" डॉक्टरांनी विचारलं. "चौकात टांगा उभा आहे. टांग्याने मार्गासनी, तिथून पायी, दुपार टळायच्या आत पोचू. निघू का?"

अंगणात चिमाजी होता, कालच्या बायकांपैकी दोघी-तिघी होत्या. याकूबची मान काही खाली होईना. "टांगा कशाला, साहेब? अर्ध्या तासात देतो."

डॉक्टर थांबले. टांगा सणाची भाडी मारायला निघून गेला.

याकूब धावत जाऊन मॅग्नेटो घेऊन आला. त्याची बैठक काढून टाकली होती, ती नव्याने करायची. साखळी चढवायची. ठिणगी नेमक्या क्षणी पडावी म्हणून पॉइंटमध्ये सिगारेटचा कागद धरायचा, आणि कागद सुटेल तिथे साखळीचं चाक घट्ट करायचं. पहिल्यांदा चुकलं. किक उलटली आणि त्याचा घोटा फुटला. त्याने तो बांधलासुद्धा नाही. गेनू समोर उकिडवा बसून त्याच्या हातांकडे पाहत होता. ती नजर सोसवेना म्हणून याकूब गाडीच्या पलीकडे जाऊन बसला. गाडी सुरू झाली तेव्हा दोन वाजून गेले होते. गेनूला मागे बसवून डॉक्टर निघाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर परत आले आणि हात धुऊन आत गेले. बाई आणि मूल, दोन्ही गेली होती.

तेरावं उरकल्यावर गेनू आला. नव्या तांदळाचं गाठोडं त्याने याकूबच्या ओट्यावर ठेवलं.

"डाक्टर म्हनलं, तुमी पान्याचा घोट घेतला न्हाई, पाय फुटला तरी उठला न्हाई. आमच्यासाटी येवढं कोन करतंय?"

याकूबने हातातला पाना खाली ठेवला. "गेनू, गाडी माझ्यामुळंच बंद पडली. म्या दिवा लावला, त्यात बॅटरी उतरली."

गेनू म्हणाला, "देवाचा दिवा लावला न्हवं? त्यात काय वाईट केलंसा?"

इथेच थांबता आलं असतं. गेनूला बॅटरी कळत नव्हती, आणि त्याने माफी देऊनही टाकली होती. याकूबला ती घ्यावीशी वाटली, फार वाटली. पण हात गाठोड्याकडे जाईना.

"टांगा उभा व्हता," तो म्हणाला. "अर्ध्या तासात व्हनार न्हाई हे मला ठावं व्हतं. तरी म्या डॉक्टरांना थांबवलं. माझी शोभा झाली असती म्हनून."

टांगा गेनूला कळत होता.

"टांग्यानं कवा पोचलो असतो?"

"दुपार टळायच्या आत."

गेनूने रस्त्याकडे तोंड फिरवलं. "ती उनं उतरल्यावर गेली, आमी पोचायच्या घटकाभर आदी," तो म्हणाला. "आई म्हनती, शेवटाला माजं नाव घिऊन हाका मारत व्हती. कवा नाव घेत न्हवती."

तो उठला, गाठोडं पुन्हा डोक्यावर घेतलं आणि गुंजवण्याच्या वाटेला लागला.