ऐकणारा मोबाईल

त्या रविवारी दुपारी प्रियल आणि दिपमालाची जुंपली ती अँटीव्हायरसवरून.

मेहरूणला तलावाजवळ दोघींनी मिळून एक खोली घेतली होती. प्रियल धुळ्याची, घरी कापडाचं दुकान. जळगावात एका सीएंकडे शिकत होती. दिपमाला चोपड्याजवळच्या खेड्यातली. केळीची रोपं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. एकीचा स्वयंपाक कांद्यालसणाशिवाय व्हायचा नाही आणि दुसरीला तो चालायचा नाही, तरी दोन वर्षं गुण्यागोविंदानं चाललं होतं.

"कॉम्प्युटरला अँटीव्हायरस लागतो. मोबाईलला कशाला?" दिपमाला म्हणाली. "नुसता मोबाईल जड होतो. मी काही वाटेल तिथं बोटं घालत नाही."

"पप्पाही हेच म्हणायचे," प्रियल म्हणाली. तिच्या पप्पांनी, फुलचंदजींनी, लग्नपत्रिका समजून एक फाईल उघडली होती. मग तीच फाईल त्यांच्या नावानं धुळ्यातल्या निम्म्या बाजारपेठेला गेली. जैन महाराजसाहेबांच्या पायी विहाराच्या ग्रुपवरसुद्धा. लोक फोन करून विचारत होते, लग्न कुणाचं? तेव्हापासून प्रियल दिसेल त्याच्या मोबाईलच्या मागे लागायची.

"आण इकडे. एकदा तपासू दे. काही नाही निघालं तर संध्याकाळची भांडी माझी."

दिपमालानं हसत मोबाईल दिला आणि केस विंचरायला बसली. प्रियलनं ॲप घेतलं, तपासणी लावली. थोड्या वेळानं तिचं बोट एका नावावर थांबलं.

"दिपू, हे 'वाय-फाय सेवा' तू घेतलंयस?"

"मोबाईलबरोबरच आलं असेल."

"नाही आलं." प्रियलनं पडदा तिच्यापुढे धरला. लाल पट्टी होती. खाली लिहिलं होतं, हे ॲप वापरणाऱ्याच्या नकळत त्याच्यावर पाळत ठेवतं. त्याला दिलेल्या परवानग्या प्रियल एकेक करून वाचत गेली. ठिकाण. मेसेज. कॉल. माईक.

"माईक म्हणजे?"

"म्हणजे तू फोनवर नसतानाही तुझं बोलणं कुणीतरी ऐकू शकतं."

दिपमालाच्या हातातला कंगवा तसाच राहिला. प्रियलनं खाली ठेवलेल्या मोबाईलकडे ती बघत होती. तो गादीवर पडला होता, नेहमीसारखा. ह्याच गादीवर पडून ती प्रियलला काय काय सांगायची. आंघोळीला जाताना गाणी लावून तो दाराशी ठेवायची.

"पण मी कुठलीच फाईल उघडली नाही गं. शपथ."

"हे नेटवरून आलेलं दिसत नाही," प्रियल हळूच म्हणाली. "असली ॲप बहुतेक वेळा मोबाईल हातात घेऊनच टाकतात. लॉक माहीत असलेल्या माणसानं."

दोघींनी नावं आठवून पाहिली. काच बदलून देणारा दुकानदार. प्रयोगशाळेतले साहेब. कुणाचंच जमेना. प्रियल म्हणाली, पोलिसांच्या सायबर शाखेत जाऊ. पडद्याचे फोटो काढून ठेवले आणि मगच ते ॲप काढून टाकलं. दिपमालाला जरा हायसं वाटलं. तिनं चहा ठेवला.

चहा गाळतच होती, तेवढ्यात मोबाईल वाजला. प्रेमराज. तिचा मोठा भाऊ. तिला धीर आला. आता भाऊला सगळं सांगावं, तो येईल, बघून घेईल.

ती काही बोलायच्या आत तोच घरच्या अहिराणीत म्हणाला, "दिपू, तुना मोबाईल बंद पडी गया का?"

"बंद कसा ऱ्हाई, भाऊ? तुनासंगेच बोलस ना मी."

"तसं नही... आतेच दिखी नही राह्यनं."

"काय दिखी नही राह्यनं?"

पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग फोन कट झाला.

दिपमाला ओट्याला टेकून उभी राहिली. मोबाईल भाऊनंच दिला होता, नोकरी लागली तेव्हा. सगळं सुरू करून, लॉक लावून. किती कौतुकानं तिनं तो प्रयोगशाळेत दाखवला होता. जितेंद्रलाही.

जितेंद्र धरणगावचा, तिच्याच विभागात होता. दोघं सुट्टीच्या दिवशी तलावावर फिरायला जायचे. लग्नाचं बोलणं त्यांच्यात झालं होतं, घरी कुणाला माहीत नव्हतं. आणि उन्हाळ्यात एक दिवस तो अचानक राजीनामा देऊन धुळ्याला निघून गेला. कारण नाही, निरोप नाही. तिचा फोन त्यानं परत कधी उचलला नाही. ती कितीतरी दिवस स्वतःतच खोट शोधत राहिली होती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती गावी गेली. प्रेमराज अंगणात होता. तिनं पिशवीही खाली ठेवली नाही.

"तू मना मोबाईलमा काय टाकं?"

त्यानं नाकारलं नाही, ह्याचाच तिला धक्का बसला. "एकली ऱ्हास तू तठे. काळजी वाटस म्हणीसन टाकं. दुसरा कोणी शे का मी? भाऊ शे तुना."

"मनं बठ्ठं बोलणं ऐकं तू? सगळंच?"

"ऐकं म्हणीसनच वाचनी तू. त्या धरणगाववालाले मी समजाडी दिन्हं. आते इषय संपना."

जितेंद्रचं गाव तिनं घरात कधी उच्चारलंही नव्हतं. दारात आई उभी होती, ताईबाई, पदराला हात पुसत. दिपमालानं तिच्याकडे पाहिलं. आई चकित दिसत नव्हती.

"माय, तुले माहीत व्हतं?"

"तो रोज सांजले सांगे, दिपू खोलीवर पोहोचनी," ताईबाई म्हणाली. "माले झोप लागे, बाई."

दिपमाला भाऊवर ओरडायला आली होती. आईचं ते वाक्य ऐकून ती मागे वळली. ती पाणीही न पिता निघाली. फाट्यापर्यंत प्रेमराज मागून येत होता, "दिपू, थांब, दिपू." ती एकदाच थांबली. "परत असं केलं तर पोलिसात जासू. फोटो काढी ठेयेल शेतस," एवढंच म्हणाली आणि मिळेल त्या गाडीत बसली.

त्या आठवड्यात प्रियलनं स्वतःच्या फोनवरून जितेंद्रला गाठलं आणि दोघी धुळ्याला गेल्या. फुलचंदजींच्या दुकानाच्या माडीवर तो आला. बारीक झाला होता. दिपमालाकडे बघत नव्हता.

"भाऊनं तुला धमकी दिली का?" तिनं विचारलं.

"धमकीला मी घाबरलो नसतो." तो म्हणाला. "त्यानं मला आवाज ऐकवला. तलावावर आपण बोललो होतो ते. माझ्या वडिलांच्या दारूबद्दल मी तुला सांगितलेलं. सगळं. माझ्या वडिलांसमोर ऐकवलं. तिथं आपण दोघंच होतो, दिपमाला. मला वाटलं, तूच रेकॉर्ड करून दिलंस."

दिपमाला कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. इतके महिने हा माणूस तिला असं समजत होता. प्रियलनं फोटो उघडून त्याच्यापुढे धरले. लाल पट्टी, ॲपचं नाव, परवानग्या. जितेंद्रनं ते सावकाश वाचलं. मग तोंडावर हात ठेवला.

"मी एकदा तरी तुला विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

खालून दुकानातली गडबड वर येत होती. मग जितेंद्रनं आपला मोबाईल खिशातून काढला आणि प्रियलला म्हणाला, "ताई, हाही बघा जरा."

प्रियल दोघांचेही मोबाईल घेऊन जिना उतरली. दिपमाला पहिल्यांदा रडली ती तेव्हा, आणि जितेंद्र तिच्याशेजारी येऊन बसला.