घट्ट अंबाडा

नाचाच्या वर्गात बाईंचा दरारा असा, की अंबाड्यातून एक बट सुटली तरी मुलगी तालमीबाहेर. त्यांचा स्वतःचा अंबाडा तर भुवया वर चढतील इतका घट्ट. पुढचे केस मागं हटायला लागले तेव्हा नवरा म्हणाला, "कपाळ वाढतंय, म्हणजे आता नशीब उघडणार!" बाईंनी त्याला उडवून लावलं आणि उघडं पडलेलं झाकायला कानाजवळचे केस वर घेऊन आणखी आवळून बांधू लागल्या. झाकायच्या नादात दुखणंच वाढवत होत्या, पण त्यांना सांगायची छाती कुणाची?

त्वचेच्या डॉक्टरांनी भिंगातून नीट बघितलं. "वर्षानुवर्षं ओढून बांधल्यामुळे झालंय हे. इथली छिद्रंच बुजलीत. आता औषधाचा उपयोग नाही."

"इंजेक्शन वगैरे?"

"मुळंच उरली नाहीत हो."

बाईंना रडू नाही, संताप आला, स्वतःचाच. मग शेजारी बसलेल्या लेकीचा अंबाडा दिसला. तो रोज त्याच घालून देत. "हिचंही बघा," त्या म्हणाल्या.

लेकीच्या कानशिलांवर केस विरळ झाले होते, पण बारीक लव शिल्लक होती. "हिचे वाचतील," डॉक्टर म्हणाल्या. "औषध लावा, आणि आजपासून ओढून बांधणं बंद. नाहीतर हिचंही तुमच्यासारखंच होणार."

दुसऱ्या दिवशी मोठ्या नृत्यमंडळाची निवड होती. निवड करणारी बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. बाईंनी मानपान गुंडाळून ठेवून तिला फोन केला, लेकीला सैल केसांनी नाचू देशील का म्हणून विचारलं. ती खळखळून हसली. "बाई, माझी परीक्षा घेताय ना? तुम्ही शिकवलेलं मी विसरेन होय!"

खरं काय ते सांगायला बाईंची जीभ उचलली नाही.

सकाळी त्यांनी अंबाडा सैलच घातला. लेकीनं मान झटकली, दोन बटा गळ्यावर आल्या.

"आई, हे काय गं? दारातूनच परत पाठवतील मला."

"पाठवू देत. केस जातील, बाळा."

"आणि नाच गेला तर?"

सैल केसांच्या किती मुलींना आपण दारातून परत पाठवलं, हे त्यांना चांगलंच आठवत होतं. लेकीनं काटे काढून त्यांच्या हातात ठेवले. "ओढ."

बाईंनी ओढलं. लेकीच्या भुवया वर चढल्या आणि ती आरशात खुशीनं हसली. कंगव्यात अडकलेले केस तिला दिसायच्या आत बाईंनी मुठीत लपवले.