एका धडकेचा आवाज

माझ्या उजव्या कानशिलावर एक हिरवी रेघ आहे. बोटाच्या पेराएवढी लांब आणि मागे जाताना किंचित वर चढणारी. पुढच्या टोकाला ती रुंद आहे, मागच्या टोकाला केसासारखी बारीक. तो रंग माझा नाही. मी पांढरे आहे. दोन हेल्मेट पुरेशा वेगाने घासली, की एकाचा रंग दुसऱ्यावर उतरतो. धडक कुठल्या बाजूने आली हे त्या रेघेवरून आजही सांगता येते. समोरच्या संघातल्या ज्याच्या हेल्मेटचा हा हिरवा रंग, त्याच्या खांद्याचे हाड त्या सामन्यात मोडले होते.

मित्रांनो, मी एक जुने हेल्मेट आहे. ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या साहित्यखोलीत, सगळ्यात वरच्या फळीवर माझी जागा आहे. आमचा फुटबॉल पायाने कमी आणि अंगाने जास्त खेळला जातो. लांबट चेंडू काखेत घेऊन एकाने धावायचे आणि दुसऱ्याने त्याला आडवे करायचे.

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यातून निघाल्यावर माझ्या एका भावंडाला उंचावरून लोखंडी ठोकळ्यावर आपटले, पुन्हा आपटले, तडा जाईपर्यंत आपटत राहिले. त्याने किती सोसले, यावरून आम्हा बाकीच्यांना पास केले गेले.

मी टोबायस ग्रीअरच्या डोक्यावर बसले. तो बचावफळीचा कॅप्टन होता. शांत, जाड मानेचा, मैदानाबाहेर कुणाला धक्काही न लावणारा. मैदानात मात्र मी त्याचा हातोडा होते. माझ्यासमोर दात पडले, नाके फुटली, गुडघे उलट्या बाजूला वळले. चांगली धडक दिली, की सोमवारी कोच हॅलोरन स्वतःच्या हाताने माझ्यावर कुऱ्हाडीचे छोटे चित्र चिकटवत. माझी पाठ त्या कुऱ्हाडींनी भरून गेली होती आणि मला त्याचा अभिमान वाटे.

पुढे व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीची माणसे आली. त्यांनी खेळाडूंचे चेहरे टिपले, मला फिरत्या पाटावर ठेवून माझेही फोटो काढले. काही महिन्यांनी विश्रांतीखोलीतल्या पडद्यावर मी स्वतःला पाहिले. पडद्यावरचा टोबायस धडकत होता, समोरचा हवेत कोलांटी घेऊन पडत होता आणि लगेच उठून उभा राहत होता. त्या गेममध्ये प्रत्येकाच्या ताकदीला शंभरपैकी गुण होते.

"अठ्ठ्याहत्तर?" मार्केल ड्युप्री सोफ्यावर लोळून हसला. "कॅप्टन, धडकेचे फक्त अठ्ठ्याहत्तर! अरे, चर्चमधून बाहेर पडताना माझी आजी याहून जोरात धडकते."

"उद्या सरावाला ये, मग सांगतो," टोबायस म्हणाला.

मार्केल हा टोबायसचा खोलीतला जोडीदार. चेंडू घेऊन पळण्यात त्याच्यासारखा दुसरा नव्हता. खेळाडूंची युनियन उभी करण्याचा ध्यासही त्याचाच. त्याच्या मागण्या दोनच होत्या. मैदानाच्या कडेला खेळाडूंनी निवडलेला डॉक्टर हवा, कोचच्या हाताखालचा नको. आणि आमचा चेहरा, आमचे शरीर गेममध्ये कसे वापरायचे, हे आम्हाला विचारून ठरवा. निम्मा संघ तयार होता. उरलेले टोबायसच्या तोंडाकडे पाहत होते.

"तू हो म्हण, बाकीचे आपोआप येतील," मार्केल म्हणे.

"सीझन संपू दे रे. मग बघू."

"मागच्या वर्षीही हेच म्हणालास."

टोबायस बुटांच्या नाड्या बांधू लागे. तोंड उघडणारा कॅप्टन व्यावसायिक संघांना नको असतो, असे कोचने त्याला एकदा बाजूला घेऊन सांगितले होते.

ऑक्टोबरात कंपनीची माणसे पुन्हा आली. या वेळी त्यांना खऱ्या धडकेचा आवाज हवा होता. माझ्या आतल्या गादीत त्यांनी वाटाण्याएवढा मायक्रोफोन बसवला. खेळाडूंनी गोल रिंगण केले. आत टोबायस आणि मार्केल.

पहिली धडक झाली. कोचने शिट्टी वाजवली. "यांना अजून मोठा आवाज पाहिजे, पोरांनो!"

दुसरी झाली. तिसरीला मार्केलचे गुडघे वाकले आणि तो उलट्या दिशेला चालू लागला. कोचच्या मदतनिसाने त्याला थांबवून काही शब्द पाठ म्हणायला सांगितले, काही आकडे उलटे म्हणायला सांगितले. मार्केल अडखळला. पण ऑगस्टमध्ये घेतलेल्या चाचणीतही तो एवढाच अडखळला होता, म्हणून मदतनिसाने अंगठा वर केला.

मित्रांनो, इथे एक गोष्ट सांगायला हवी. सीझनआधीच्या त्या चाचणीत आमचे खेळाडू मुद्दाम चुकत. आधीच कमी गुण पडले, की पुढे डोक्याला मार लागल्यावरही फरक दिसत नाही आणि बाकावर बसावे लागत नाही. ही युक्ती प्रत्येक वर्षीचे जुने खेळाडू नव्यांना शिकवत. मार्केलला ती टोबायसने शिकवली होती.

"काय, दमलास का अठ्ठ्याहत्तर?" मार्केल म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती.

टोबायसने दात आवळले. डोके खाली घालून तो सुटला. माझा कपाळाचा भाग मार्केलच्या हेल्मेटच्या कडेवर बसला. मार्केलचे डोके आधी मागे गेले, मग बाजूला वळले. तो पडला तेव्हा त्याचे हात कोपरात वाकून ताठ झाले होते आणि बोटे हवेत काहीतरी पकडत होती. नाकातून रक्त येऊन गवतावर पसरले.

"मिळाला!" कंपनीचा माणूस कानावरचा हेडफोन काढत म्हणाला.

माझ्या कवचाला तडा गेला नाही. मार्केलच्या हेल्मेटलाही नाही. आम्ही दोघांनी आपापले काम चोख केले होते. कवटी फुटू न देणे हे आमचे काम. पण मेंदू कवटीच्या आत पाण्यात तरंगतो. कवटी एकदम थांबली, तरी तो थांबत नाही. तिथपर्यंत माझा हात पोहोचत नाही. म्हणून विनवणी करते, मित्रांनो, डोक्यावर हेल्मेट आहे या भरवशावर डोके पुढे करू नका. आणि डोके गरगरले, तर ते लपवू नका.

मार्केल वाचला. पण त्याला उजेड सोसेना. वाक्य सुरू करून तो मध्येच थांबे आणि समोरच्याकडे मदतीसाठी पाही. टोबायस त्याला ताटातला मांसाचा तुकडा बारीक करून देई.

नोव्हेंबरात गेमची नवी आवृत्ती आली. विश्रांतीखोलीत दोघेजण खेळत बसले होते. पडद्यावर एक धडक झाली आणि तो आवाज आला. कोपऱ्यात काळा चष्मा लावून बसलेल्या मार्केलने दोन्ही हातांनी डोके धरले.

"हा... हा तर..." पुढचे त्याला सापडेना.

टोबायसने उठून भिंतीतली वायर उपटली. त्याने मला काखेत घट्ट दाबले होते. त्याच्या छातीचे ठोके मला गादीतून कळत होते.

शनिवारी सामन्याआधी सगळे कपडे चढवून बसले होते. बाहेर बँड वाजत होता. कोच हॅलोरन आत आले आणि त्यांनी दार लावून घेतले.

"ते युनियनचं खूळ अजून चालूच आहे म्हणे," ते म्हणाले. "पोरांनो, आपण एक घर आहोत. घरात कुणी युनियन काढतं का?"

"घरातलं माणूस पडलं, तर घरचे त्याला दवाखान्यात बघायला जातात, कोच," मागून कुणीतरी म्हणाले.

"कोण बोललं ते?" कोचचा चेहरा लाल झाला. मग आवाज खाली आणून ते टोबायसकडे वळले. "कॅप्टन, तू समजूतदार आहेस. सांग यांना. मग बाहेर जाऊन त्या हिरव्या हेल्मेटवाल्यांची हाडं मोडू."

टोबायस उभा राहिला. मी त्याच्या हातात होते. सवयीने त्याने मला कपाळापर्यंत उचलले. मी त्याच्या कानांसाठी जागा करून तयार होते. पण तो तिथेच थांबला. मग सावकाश वाकून त्याने मला बाकावर ठेवले.

"मार्केलला चाचणीत चुकायला मी शिकवलं," तो म्हणाला. "त्याला पाडलंही मीच."

"त्याचं आत्ता काय? टोबायस, हेल्मेट घाल."

"नाही कोच. मी युनियनमध्ये आहे. आमचा डॉक्टर मैदानाच्या कडेला उभा राहीपर्यंत मी हे डोक्यावर चढवणार नाही."