बिनपंख्याची टॅक्सी

बाबांना त्यांच्याच टॅक्सीतून न्यायचं, हे आईने ठरवलं. शववाहिका संध्याकाळपर्यंत मिळणार नव्हती, आणि ऊन असं होतं की तोवर थांबायची सोय नव्हती. काका फोनवर कुणाकुणाच्या ओळखी काढत होते. आतल्या खोलीत बाबांच्या उशाशी बसलेली आई तिथूनच म्हणाली, "त्यांची स्वतःची गाडी दारात उभी आहे, आणि दुसऱ्याची कसली शोधताय?" काकांनी फोन खाली ठेवला.

टॅक्सी लांब पाठीची, मागचं दार वर उघडणारी. बाबांनी तिच्यातून लोकांची बिऱ्हाडं हलवली होती, नवरा-नवरी नेले होते, एकदा तर दवाखान्याच्या फाटकात पोहोचायच्या आधी तिच्यातच एक मूल जन्मलं होतं. स्टँडवरच्या मेस्त्रीने मागची सीट काढली. खाली बर्फाच्या लाद्या, त्यावर फळी, फळीवर बाबा. फळी हलू नये म्हणून सामान बांधायच्या पट्ट्या लावल्या, त्या मीच आवळल्या. बापाला सामानासारखं बांधताना मला सगळ्या जगाचा राग येत होता. पण न बांधलेली वस्तू गाडीत ठेवायची नाही, ब्रेक लागला की ती पुढे येते, हे त्यांनीच मला शिकवलेलं.

चालवणार मी. तो क्लच माझ्याशिवाय कुणाला जमत नव्हता, आणि त्या गाडीची एक खोड माझ्याशिवाय आणि मेस्त्रीशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. तिच्या रेडिएटरचा पंखा मेला होता.

बाबा आजारी पडायच्या आधीच तो बंद पडला होता. मेस्त्री नवा बसवायला तयार होता, पण बाबा म्हणायचे, "गाडी पळती असली की वारा फुकट मिळतो. पंखा लागतो तो उभं राहणाऱ्याला." मग ते सिग्नलला इंजिन बंद करायचे, बाजारपेठ टाळायचे, गर्दीच्या वेळी भाडं नाकारायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, म्हातारा माजलाय. खरं म्हणजे म्हातारा काट्याकडे बघून जगत होता. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकला की त्यांचं बोलणं तुटायचं. ते अंथरुणाला खिळल्यावर मी अधूनमधून गाडी काढायची, तीही सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर. "मी उठलो की पंखा बसवू," ते म्हणायचे. ते काही उठले नाहीत.

आणि अशा गाडीला आम्ही भर दुपारी, माणसाच्या पावलाने, अख्खी बाजारपेठ रांगायला लावणार होतो.

मी काकांना आधीच सांगितलं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या मंडळाचे अध्यक्ष. चार माणसं जमली की पाचवं भाषण ह्यांचं. "काका, गाडी इतकी हळू चालली तर तापेल. लोकांना रिक्षा करून थेट स्मशानात पाठवा, आपण मागून नेहमीच्या वेगाने येऊ."

"तुझा बाप काय पार्सल आहे?" काका म्हणाले. "सगळा बाजार दाराशी उभा राहणार आहे. माणसं चालणार, गाडी माणसांबरोबर चालणार. आज तरी वाद घालू नकोस."

त्यांचे डोळे सुजले होते. भाऊ गेला होता त्यांचाही. मी चावी घेऊन गाडीत जाऊन बसले.

निघालो. काका सगळ्यात पुढे, गाडीकडे पाठ करून, हात वर करून वेग सांगत होते. उंटावरून शेळ्या हाकायची सवय माणूस मयतातसुद्धा सोडत नाही. गाडीच्या मागे आई चालत होती, एक हात मागच्या दारावर ठेवून. तिच्यामागे स्टँडवरचे ड्रायव्हर, शेजारी, नातेवाईक, आणि ज्यांना बाबांनी कधी ना कधी वेळेवर कुठेतरी पोहोचवलं होतं अशी कितीतरी माणसं. माझ्या शेजारच्या सीटवर फुलांचा ढीग होता. मी पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबून, पायाला गोळे येईपर्यंत गाडी रांगवत होते.

बाजारात दुकानदार खरंच बाहेर येऊन उभे होते. त्यांच्यातला एक जण बाबांना भाड्यावरून शिव्या घालायचा. तो मोठ्याने म्हणत होता, "देवमाणूस होता हो!" मेल्या म्हशीला मणभर दूध. एरवी मला हसू आलं असतं. पण काटा मध्याच्या वर सरकला होता.

मी खिडक्या पूर्ण खाली केल्या आणि हीटर पूर्ण वर. हे बाबांचंच औषध: इंजिनाला उष्णता बाहेर टाकायला जागा नसेल तर ती आपल्या अंगावर घ्यायची. गरम हवेचा लोट तोंडावर आला. उन्हाळ्यात हीटर लावलेल्या बाईकडे फुटपाथवरची माणसं टक लावून बघत होती. माझा घाम डोळ्यांत उतरत होता, आणि मागे बाबांच्या खालचा बर्फ वितळत होता. ज्या हवेने इंजिन वाचत होतं तीच हवा त्यांना जाळत होती. "माफ करा बाबा," मी मोठ्याने म्हणाले. तिथे ऐकायला दुसरं कुणी नव्हतंच.

"गाडी गळतेय!" मागून कुणीतरी ओरडलं. गळत होतं ते बर्फाचं पाणी. पण त्या ओरडण्याने अंत्ययात्रा थबकली, काका थबकले आणि मलाही थांबावं लागलं. थांबल्याबरोबर काटा लाल रेषेला जाऊन टेकला. मी इंजिन बंद केलं.

आता दुष्काळात तेरावा महिना. चौक अजून पुढे होता, चौकापलीकडे मोकळा मोठा रस्ता, मग चढाव, आणि चढाव संपला की स्मशानाचं फाटक. मेस्त्री धावत आला, बॉनेट उघडलं. आतून गरम लोखंडाचा वास आला. काका कुणाच्या तरी हातातली पाण्याची बाटली घेऊन पुढे झाले. एका हातात रुमाल गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला.

"हात काढा!" मी ओरडले. काकांवर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "उकळतं पाणी आहे आत. झाकण फिरवलंत की सगळं तोंडावर येईल."

"अगं, थंड पाणी घालायचंय फक्त."

"तापलेल्या इंजिनात थंड पाणी घातलं तर इंजिनाला तडा जाईल. एकाची अंत्ययात्रा पुरे आहे, काका. हात दाखवून अवलक्षण नको."

काकांनी हात मागे घेतला. त्यांचा चेहरा उतरला होता. बोलले तेव्हा आवाज अध्यक्षाचा नव्हता. "मग काय करायचं? दादाला इथे रस्त्यात ठेवायचं? असा?"

हाच प्रश्न होता. निवायला गाडीला बराच वेळ लागला असता, आणि बाबांपाशी तेवढा वेळ नव्हता. बर्फ संपत आला होता. ऊन गाडीच्या टपावर रटरटत होतं. मागे माणसांनी घड्याळं बघायला सुरुवात केली होती.

मेस्त्रीने वाकून, न हात लावता, पाइप आणि पाण्याची टाकी बघितली. "पाणी अजून आहे," तो हळू आवाजात मला म्हणाला. "उकळी फुटलेली नाही. पण ही आता अशी रांगली, तर चढावर बसणार. मग ढकलून न्यावं लागेल, आणि चढावर ढकलणं धोक्याचं, पोरी. मागे माणसं आहेत. हिला वारा दे. चौकातून निघ आणि मोकळ्या रस्त्याने सरळ जा. पळाली तर वाचेल."

काकांनी ऐकलं. "पळवायची? मयत घेऊन? आम्ही सगळे मागे, आणि गाडी पुढे पळाली? लोक काय म्हणतील?"

मी काही बोलायच्या आत शेजारचं दार उघडलं. आई होती. तिने सीटवरची फुलं दोन्ही हातांनी गोळा केली, मांडीवर घेतली आणि आत बसली. दार ओढून घेतलं.

"भाऊजी," ती खिडकीतून म्हणाली, "पहाटे एकदा बंद पडताना बघितलंय मी ह्यांना. आज परत नाही बघायचं. तुम्ही माणसांना घेऊन सावकाश या. चल गं."

मी चावी फिरवली. काटा लालपासून एक केसभर खाली होता. मेस्त्रीने बॉनेट लावलं, लोक बाजूला झाले, आणि चौकातून मी दुसऱ्यात, मग तिसऱ्यात गाडी घातली. घाई करू नकोस, नुसती चाल, असं स्वतःला बजावत होते. पुढच्या ट्रकपासून अंतर ठेवलं, आरशात मागे बघितलं, पट्ट्या घट्ट होत्या, फळी जागची हलली नव्हती. मोठ्या रस्त्याला लागल्यावर चौथा टाकला. वारा चारही खिडक्यांतून आत शिरला, आईच्या मांडीवरची फुलं उडाली आणि सगळ्या गाडीभर झाली.

काटा उतरायला लागला. आधी वाटलं, मला भास होतोय. मग तो खरंच मध्याकडे सरकला. मी हीटर बंद केला. चढाव समोर आला, मी एक गिअर खाली घेतला, इंजिनाला जोर न लावता एका लयीत गाडी चढवली. वर पोहोचलो.

आई समोर रस्त्याकडे बघत होती. तिचे केस सुटले होते. ती म्हणाली, "इथून रस्ता किती वेगळा दिसतो."

"कुठून?"

"पुढच्या सीटवरून. ह्या सीटवर मी कधी बसलेच नाही."

मी तिच्याकडे बघितलं. खरं होतं ते. ही टॅक्सी आमच्या घरची, पण ती कायम भाड्याची होती. आई कधी बसली तर मागे, गिऱ्हाइकाला सोडायच्या वाटेवर, बाजारापर्यंत.

"लग्न झालं तेव्हा म्हणाले होते, एका रविवारी तुला लांबवर फिरवून आणतो," आई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट थोडं हसू होतं. "रविवारी गिऱ्हाईक जास्त. मग म्हणायचे, पुढच्या रविवारी. माझाही हट्ट नव्हता गं. घर त्याच्यावरच चाललं होतं."

स्मशानाचं फाटक दिसलं. मी वेग कमी केला, इंडिकेटर दिला. आईने माझ्या हातावर हात ठेवला.

"काटा अजून खाली यायचा असेल ना?"

काटा कधीच जागेवर आला होता. तिलाही तो दिसत होता, तिच्या समोरच तर होता. इतक्या वर्षांत तिने कुणाकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "थोडा यायचाय अजून."

इंडिकेटर बंद केला आणि फाटक मागे टाकलं. पलीकडे गोदामं होती, मग नुसती झाडं, मग तळ्याच्या काठाने जाणारा सरळ रस्ता. तिथे कुणी नव्हतं. मी गाडी एका वेगावर सोडली. इंजिनाचा आवाज साफ झाला होता. आई वळून मागे बघत होती. तिने हात लांबवला आणि बाबांच्या खांद्यावर ठेवला, वाटेत काही दाखवायचं असलं की ठेवतात तसा.

"तळं," ती म्हणाली. "बघितलंत?"

मग मी रडले. दिवसभर नातेवाइकांसमोर, काकांसमोर, पट्ट्या बांधताना रडले नव्हते. आता रडले, पण गाडी सरळ ठेवली. आईने मला गप्प केलं नाही, आणि त्याबद्दल मी तिची जन्मभर ऋणी राहीन. तळं संपलं तिथे पेट्रोल पंप होता. मी तिच्याकडे बघितलं, तिने मान हलवली. तिथून गाडी वळवली.

परत आलो तेव्हा माणसं चढाव चढून फाटकापाशी पोहोचली होती, घामाने निथळत, आणि रिकामं फाटक बघून गोंधळली होती. गाडी भलत्याच दिशेने येताना दिसली तसे सगळे आमच्याकडे वळले. काका रस्त्याच्या मधोमध आले. त्यांचा शर्ट अंगाला चिकटला होता आणि चेहऱ्यावर राग होता, पण रागाच्या मागे धास्ती होती. मी गाडी त्यांच्यासमोर हलकेच उभी केली.

"वहिनी, कुठे गेला होतात तुम्ही? आम्हाला वाटलं, कुठे घात झाला की काय!"

आई खाली उतरली. अंगावरची फुलं तिने झटकली नाहीत.

"ह्यांनी फिरायला नेलं होतं," ती म्हणाली.

काका गाडीच्या मागे गेले, दार वर उचललं आणि खांदा द्यायला वाकले. मी इंजिन बंद केलं.