थोरलीच्या ताटातले मोती

चष्मा टेबलावर राहिला म्हणून थोरली जेवण अर्धवट टाकून परत आली, तर धाकटी जाऊ तिच्या ताटात हात घालून बसलेली. गोल मोत्यांच्या कप्प्यातले मोती चिमट्याने उचलून ती बटणमोत्यांत टाकत होती.

दागिन्यांच्या दुकानामागच्या या खोलीत दोघी समोरासमोर बसून मोती निवडत. बोलत मात्र नसत. थोरलीचा नवरा गेला आणि वर्षाच्या आत धाकटीने घरात भिंत घातली. स्वयंपाकघर, खिडकी सगळं पलीकडे गेलं. हे काम तिला शिकवलं होतं थोरलीनेच, भिंतीच्या आधी. गोल मोती तिरप्या काचेवरून सरळ घरंगळतो, तो माळेत घ्यायचा. बटणमोती एका बाजूने चपटा, तो अडखळत थांबतो. पण कानातल्यात तोच नीट बसतो. थेंबासारखा असेल तो लोंबत्या डुलांना. वेडावाकडा असेल तो एकटाच लॉकेटात; त्याला जोडी शोधत बसायचं नाही.

थोरलीने तिचं मनगट धरलं.

"माझ्या पोटावर पाय द्यायला निघालीस?"

धाकटीने हात सोडवला नाही. दुसऱ्या हाताने तिने थोरलीच्या गोलांतला एक मोती काचेवर ठेवला. तो डुगडुगला आणि मध्येच बसला.

"हा तुम्हाला गोल दिसला. काल तर थेंबही गोलांत होते."

केव्हापासून, असं थोरलीने विचारलं. उन्हाळ्यापासून, रोज, जेवणाच्या सुट्टीत, असं उत्तर आलं.

उन्हाळाभर थोरली चष्मा पुसत होती, दिव्याला दोष देत होती. तिने मनगट सोडलं. खाली बसली. या बाईने आपल्याला इतके दिवस सांभाळून घेतलं, या विचाराने तिचे डोळे भरून आले.

"पाणी काढू नका डोळ्यांतून," धाकटी म्हणाली. "तुमच्यासाठी नाही केलं, जाऊबाई. तुम्ही गेलात तर मालक माझ्या सुनेला इथे बसवतील. घरी उरावर आहेच ती. दिवसभर समोर नको."

थोरलीने पदराने डोळे कोरडे केले आणि उठून मालकांकडे गेली. दार उघडंच होतं. डोळे गेले, आता गोल आणि चपटं कळत नाही, असं तिने सरळ सांगितलं. मालक ओशाळले. डब्या भरायचं काम देतो म्हणाले. तिने नको म्हटलं. मग तिच्या जागी कोण, हा प्रश्न निघाला.

"धाकटीची सून घ्या. बोटं चांगली आहेत पोरीची. टेबल मात्र हलवू नका, सासूच्या समोरच बसू दे."

ती सामान घ्यायला आली तेव्हा धाकटीचा चेहरा लाल झाला होता.

"मला छळायला स्वतःची नोकरी घालवलीत."

"तुझ्या झाकण्यावर बसून खायचं नव्हतं मला," थोरली म्हणाली. तिने मऊ कापडाने ताट पुसून काढलं, कप्पे रिकामे करून सारखे लावले आणि निघाली.

थांब्यावर गाडी आली. पाटीवरचा आकडा नुसता पिवळा डाग होता. आजवर ती अशा वेळी गाड्या सोडून द्यायची, कुणाची तरी वाट बघतेय असं दाखवत.

शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईच्या दंडाला तिने हात लावला आणि विचारलं, "ताई, ही कुठली गाडी?"