तीन शेरांत किती चिपटी?

मित्रांनो, मी एक जुनं पितळी चिपटं. अंगाने अख्खं, पण जन्मापासून पाव. चार चिपटी म्हणजे एक शेर, असा आमच्या घराण्याचा नियम. ज्या तांबटाने मला घडवलं त्यानेच शेरही घडवला, आणि तो शेर आयुष्यभर माझ्याकडे पोट पुढे काढून बघत आला.

वडगावच्या बाजारात एका दुकानात मी पुष्कळ वर्षं तांदूळ मोजला. "ह्ये चिपटं लबाडी करत न्हाई," असं लोक म्हणायचे. मला भरून यायचं. तसं मला रोजच भरून यायचं म्हणा. पुढे किलो आला. आम्हाला मोडीत काढलं, आणि मोडीवाल्याने तराजूत टाकून माझंच माप घेतलं. तिथून मला आणि शेराला कान्हूआबांनी वर डोंगरातल्या वाडीवर आणलं.

आबांच्या घरात दोनच माणसं, आबा आणि त्यांची नात हर्षदा. तिचे आईबाप ती रांगत असतानाच गेले. हर्षदा पाचवीत होती आणि वाडीतली शाळा पाचवीलाच संपते. म्हणून ती लांबच्या निवासी शाळेच्या परीक्षेला बसणार होती. पास झाली तर ती वसतिगृहात जाणार आणि आबा एकटे राहणार. हे आबांनी एकदाही बोलून दाखवलं नाही.

तिचं घोडं अडलं होतं अपूर्णांकांच्या भागाकारावर.

"आबा, तीनला पावनं भागलं तर बारा येत्यात म्हणं. भागल्यावर वाढतं व्हय कुटं?"

"भाकर मोडल्यावर वाढल्याली मी तरी न्हाई बघितली," आबा म्हणाले. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "थांब. तीन शेर तांदूळ घिऊ. किती चिपटी भरत्यात बघू."

"लाभ, दोन, तीन..." आबा मोजू लागले. मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. तांदूळ दहाव्या चिपट्यालाच संपला.

"धा," आबा म्हणाले. "पुस्तक चुकलंया."

हर्षदाने वहीत दहा लिहिलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी लाल फुली मारली. हर्षदाने वर्गात माझं नाव सांगितलं. मला कोणी बोलावलं नाही, पण बदनामी व्हायची ती झालीच.

संध्याकाळी डोळे पुसत तिने पुन्हा मोजायला लावलं आणि एकदम ओरडली, "आबा! शेर तुमी सपाट भरता, आन् चिपटं शीग भरून!"

"मग? घ्यायचं माप सपाट, द्यायचं माप शिगंचं. सपाट दिलं तर लोकं काय म्हणतील?"

"हितं लोकं कुटं हायेत? गणित हाय!"

मग आयुष्यात पहिल्यांदा आबांनी माझ्यावरून तळहात फिरवला आणि वरचे दाणे खाली पाडले. या वेळी मोजून बारा भरली.

"आत्ता कळलं! तीनात पाव पाव किती बसत्यात, त्ये इचारत्यात. तुकडा ल्हान, म्हणून तुकडे लय. पाव उलटला की चार, तीन गुणिले चार, बारा!"

ती पास झाली. सगळ्या वाडीने पेढे खाल्ले, मी सोडून.

जायच्या दिवशी तिने तीन शेर तांदूळ डब्यात काढून ठेवला. "आबा, रोज अर्धं चिपटं शिजवा. तीन भागिले एक अष्टमांश, चोवीस. ह्यो तांदूळ चोवीस दिवस पुरंल. सरला की मी आलेच सुट्टीला."

दुसऱ्या दिवशी आबांनी मला काठोकाठ भरलं. पुन्हा एकदा भरलं. थोडा भात स्वतः खाल्ला, बाकीचा शेजारच्या सोपानला दिला, कुत्र्यांना दिला, कावळ्यांना दिला. रोज दोन चिपटी, म्हणजे अर्धा शेर. सोपान म्हणाला, "आबा, लगीन हाय का घरात?"

"तुकडा मोठा केला की दिस कमी व्हत्यात," आबा म्हणाले.

मित्रांनो, भागाकार त्यांना पुरता समजला होता. तीनला अर्ध्याने भागलं की सहा.

सातव्या दिवशी रिकामा डबा आणि मला घेऊन ते खाली फाट्यावर जाऊन बसले. एसटी आली. कोणी उतरलं नाही. दुसरी आली. तिच्यातून एक कोंबडी उतरली, तिच्यामागे तिचा मालक. आबांनी डबा पालथा करून झटकला.

"हिशोब तर बरोबर हाय," ते मला म्हणाले.

चोवीस दिवस तांदळाचे नव्हते, सुट्टीचे होते, हे मला माहीत होतं. पण मला तोंड आहे ते फक्त भरण्यापुरतं.

आता खरं तर मी म्हणायला हवं की जुन्या मापांना घासूनपुसून ठेवा. पण पितळेचं काय, चिंच लावली की लखलखतं. तुम्ही वसतिगृहात असाल तर सुट्टीची वाट बघू नका, आजच घरी फोन करा. सुट्टीला अजून अठरा दिवस आहेत, आणि आबा तिसऱ्या एसटीसाठी उठून उभे राहिले आहेत.